ताकाला जाताना भांडं दाखवावं लागतं

२५ जानेवारी १९९०. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर त्या रात्री हवा खराब होती आणि उतरणाऱ्या विमानांची रांग लागली होती. कोलंबियाहून आलेलं आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ त्या रांगेत तीनदा थोपवलं गेलं. मिळून सव्वा तासाहून जास्त वेळ ते आकाशात घिरट्या घालत राहिलं. टाक्या आटत चालल्या होत्या. सहवैमानिकाने नियंत्रकाला सांगितलं, आम्हाला प्राधान्य हवं आहे. मग सांगितलं, इंधन संपत आलं आहे. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि विमान पुन्हा वर चढलं. मुख्य वैमानिक सहकाऱ्याला बजावत होता, 'इमर्जन्सी आहे म्हणून सांग त्यांना.' तो शब्द काही रेडिओवर गेला नाही. नियंत्रकाने विचारलं, तुम्हाला पंधरा मैल ईशान्येला नेऊन परत वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? सहवैमानिक उत्तरला, चालेल असं वाटतं, थँक यू व्हेरी मच.

थोड्याच वेळात एकामागून एक इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोव्ह नेक इथे एका टेकडीवर कोसळलं. १५८ जणांपैकी ७३ गेले. आग लागली नाही, कारण जळायला काही उरलंच नव्हतं.

आपल्याकडे म्हण आहे, ताकाला जाऊन भांडं लपवू नये. त्या सहवैमानिकाने नेमकं तेच केलं. पण त्याला एकट्याला दोष देऊन मला मोकळं व्हायचं नाही. माणूस भांडं का लपवतो, हा माझा प्रश्न आहे. परक्या देशातली परकी भाषा, कामाच्या रगाड्यात असलेले नियंत्रक, पुढेमागे रांगेत उभी असलेली इतर विमानं, आणि 'आपल्याच नियोजनात चूक झाली असं म्हणतील' ही धास्ती. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती जिवावर बेतली. विमानातल्या संकटाला विमानतळ आणि नियंत्रक कसं तोंड देतात याची चर्चा आपण नेहमी अग्निशमन बंबांपासून सुरू करतो. ती त्या एका शब्दापासून सुरू व्हायला हवी, कारण तो उच्चारला जाईपर्यंत बंब जागचे हलत नाहीत. संकट जाहीर करणं सोपं असलं पाहिजे, ते करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागता कामा नये, आणि जाहीर झाल्यावर पलीकडे ते झेलायला मोकळा हात असला पाहिजे. आपल्या देशात या तिन्ही बाबतींत अजून बरंच करायचं आहे, असं माझं मत आहे.

संकट जाहीर करण्याचा ठरलेला शब्द म्हणजे 'मेडे'. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून १९२०च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर तो घडवला गेला. रेडिओच्या खरखरीत दुसऱ्या कशाशी गल्लत होऊ नये म्हणून तो तीनदा म्हणायचा. त्याच्याहून एक पायरी खाली 'पॅन-पॅन': परिस्थिती तातडीची आहे, पण जीव लगेच धोक्यात नाही. मेडे ऐकला की नियंत्रकाची सगळी उतरंड बदलते. त्या विमानाला पहिला मान, बाकीचे थांबतील, वळतील किंवा दुसऱ्या गावी जातील. नियंत्रक विचारतो, अडचण काय आहे, इंधन किती वेळाचं आहे, विमानात किती जीव आहेत. इंग्रजीत तिथे 'सोल्स' असा शब्द वापरतात. मला तो फार आवडतो, कारण तिकीट काढलेला, मांडीवरचं तान्हं मूल आणि कॉकपिटमधला माणूस, सगळे त्यात एकाच मापाने मोजले जातात.

त्याच क्षणी टॉवरवरून अग्निशमन केंद्राकडे वर्दी जाते. आपल्या विमानतळांवर तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. 'लोकल स्टँडबाय' म्हणजे विमानात बिघाड असल्याचं कळलं आहे, पण ते नीट उतरेल अशी अपेक्षा आहे, तयार राहा. 'फुल इमर्जन्सी' म्हणजे अपघाताची शक्यता आहे. मग बंब धावपट्टीलगत आपापल्या नेमल्या जागी जाऊन उभे राहतात, शहराचं अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि रुग्णालयांना निरोप जातो. धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला पहिला बंब तीन मिनिटांच्या आत पोहोचलाच पाहिजे, शक्यतो दोन, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ही सगळी यंत्रणा माणसांनी वर्षानुवर्षं मेहनतीने उभी केलेली आहे आणि ती एका शब्दाची वाट पाहत बसलेली असते.

इंधनाच्या बाबतीत तर २०१२पासून जगभर शब्दच नेमून दिलेले आहेत. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही. 'मेडे फ्युएल' म्हणजे शेवटच्या राखीव साठ्याला हात घालूनच उतरावं लागणार. जेट विमानासाठी हा साठा अर्ध्या तासाचा असतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. मेडे फ्युएल म्हणणाऱ्या विमानाची इंजिनं त्या क्षणी बंद पडायला आलेली असतात असं नाही. ती पडू नयेत, तेवढी वेळच येऊ नये, म्हणून तो शब्द आधी उच्चारायचा असतो.

आता आपल्याकडचं पाहू. १९ जून २०२५ला गुवाहाटीहून चेन्नईला निघालेलं इंडिगोचं विमान चेन्नईत उतरता न आल्याने बंगळुरूकडे वळलं आणि वाटेत वैमानिकाने इंधनाचा मेडे दिला. बंगळुरूने वाट मोकळी केली, विमान सुखरूप उतरलं, कुणाला खरचटलंही नाही. म्हणजे न्यूयॉर्कला जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, ते इथे घडलं. अहमदाबादच्या अपघाताला तेव्हा आठवडाच झाला होता, त्यामुळे लोकांच्या मनातली धास्ती मी समजू शकतो. पण 'थोडक्यात बचावले' या छापाचे मथळे झळकले, आणि दोन्ही वैमानिकांना उड्डाणांवरून बाजूला ठेवल्याच्या बातम्या आल्या. चौकशीच्या काळात असं करण्याची रीत आहे, हे मला मान्य आहे. इंधन का कमी पडलं, चेन्नईला किती वेळ गेला, आधी वळायला हवं होतं का, हे सगळं तपासलंच पाहिजे. तरीही दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानात बसलेला तिशीतला सहवैमानिक त्या बातमीतून काय शिकेल? मेडे म्हटलं की नाव चव्हाट्यावर येतं, हेच.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. शब्द इतका स्वस्त केला तर रांग मोडायला जो तो तो वापरेल, असं काही जाणकार म्हणतात. पण विमानातलं इंधन लिटरमध्ये मोजता येतं, उड्डाणाची नोंद यंत्रात असते, रेडिओवरचा प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित होतो. खोटा मेडे दिवसभरात उघडा पडेल आणि तसं करणाऱ्यावर कठोर कारवाई व्हावी, त्याला माझी हरकत नाही. अशा एखाद्या खोट्या मेडेची किंमत म्हणजे दहा विमानांना झालेला उशीर. न उच्चारलेल्या मेडेची किंमत कोव्ह नेकच्या टेकडीवर मोजून झाली आहे. म्हणून माझी मागणी सरळ आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने लेखी सांगावं, की संकट जाहीर केलं या कारणाने कुणावरही कारवाई होणार नाही. संकट ओढवलं कशामुळे याची चौकशी वेगळी आणि स्वतंत्र होईल. दोन्ही गोष्टी एका फाइलमध्ये आल्या की पहिलीचा जीव गुदमरतो.

वैमानिकावरचा दबाव केवढा असतो, याची आपल्या फार जवळची आठवण म्हणजे केरळमधलं कोळिकोड. ७ ऑगस्ट २०२०च्या पावसाळी संध्याकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान तिथल्या टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या, धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली घसरलं आणि २१ जण गेले. त्यात कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक होते. साठे आधी हवाई दलात होते, मराठी घरातले होते. महाराष्ट्रात त्या रात्री अनेकांना झोप लागली नसेल. अपघात तपास यंत्रणेच्या अहवालाने कारण म्हणून वैमानिकाने ठरलेली पद्धत न पाळल्याकडे बोट दाखवलं. पण तोच अहवाल हेही सांगतो, की दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण साठे यांनाच करायचं होतं, त्यासाठी कोळिकोडलाच उतरण्याची ओढ त्यांच्या निर्णयांमागे होती, कारण त्या तळावर कंपनीने पुरेसे कॅप्टन ठेवलेच नव्हते. सहवैमानिकाने 'गो-अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढा, असं म्हटलं होतं, पण ते मानलं गेलं नाही. म्हणजे 'दुसरीकडे वळतो', 'थांबतो', 'मला जमत नाही' ही वाक्यं त्या कॉकपिटमध्ये महाग झालेली होती. ती महाग करणारे हात मात्र कॉकपिटच्या बाहेर, एका कार्यालयात होते.

शब्द उच्चारल्यावर तो झेलणाऱ्याकडे आता वळतो. १५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कमध्येच पक्ष्यांच्या थव्याने यूएस एअरवेजच्या विमानाची दोन्ही इंजिनं निकामी केली. तिथून हडसन नदीत उतरेपर्यंतची सुमारे २०८ सेकंदं कॅप्टन सलेनबर्गर यांच्या नावाने अजरामर झाली आणि ते योग्यच आहे. १५५ च्या १५५ जण वाचले. मला मात्र रडारसमोर बसलेला पॅट्रिक हार्टन आठवतो. मेडेचा पूर्ण संदेश त्याच्यापर्यंत नीट पोहोचलाही नव्हता. त्याने तत्काळ लागार्डिया विमानतळाची उड्डाणं थांबवायला लावली, मग एकामागून एक धावपट्टी देऊ केली, ती नको तर दुसरी, तीही नको तर शेजारच्या टेटरबरो विमानतळाची. त्याने वैमानिकाशी वाद घातला नाही, कारणांचा पाढा विचारला नाही, उत्तर आलं की लगेच पुढचा पर्याय. ही त्याची हुशारी होती, पण तेवढीच नव्हती. ती २०८ सेकंदं त्याचं डोकं त्या एका विमानासाठी मोकळं ठेवणारे सहकारी आजूबाजूला होते.

ते नसले तर काय होतं, हे १ जुलै २००२च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनच्या आकाशात दिसलं. झुरिकच्या केंद्रात एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. दुसरा रूढ प्रथेप्रमाणे विश्रांतीला गेला होता, मुख्य रडार यंत्रणेवर दुरुस्तीचं काम चालू होतं आणि बाहेरचे फोनही नीट चालत नव्हते. उशिरा आलेल्या एका विमानाला उतरवण्यात तो गुंतला आणि दुसऱ्या पडद्यावरची दोन विमानं एकमेकांवर आदळली. ७१ जण गेले. त्यातली बरीचशी शाळकरी मुलं होती. पुढे न्यायालयाने हवाई नियंत्रण सांभाळणाऱ्या कंपनीच्या चार व्यवस्थापकांना दोषी ठरवलं, ही त्या खटल्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रात्रपाळीत माणसं किती ठेवायची हे खुर्चीत बसलेला नियंत्रक ठरवत नसतो.

आपल्याकडे मुंबई आणि दिल्लीसारख्या खासगी कंपन्यांनी चालवलेल्या विमानतळांवरही नियंत्रक विमानतळ प्राधिकरणाचेच असतात. पुण्यात लोहगावला ते काम हवाई दलाकडे आहे, गोव्यात दाबोळीला नौदलाकडे. नवी विमानतळं, नवी टर्मिनलं, नवी विमानं यांच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. त्या प्रत्येकाबरोबर किती नवे नियंत्रक तयार झाले, हा प्रश्न विधानसभेतही विचारला जात नाही आणि वर्तमानपत्रातही. काचेचं टर्मिनल दोन-तीन वर्षांत उभं राहतं. गर्दीच्या आकाशात एकट्याने पडदा सांभाळू शकणारा माणूस घडायलाही वर्षंच लागतात आणि त्याचं उद्घाटन कुणी करत नाही.

मुंबईचं गणित तर आणखी अवघड. सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर गर्दीच्या तासात ४६ विमानांची ये-जा चालत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रालयानेच हा आकडा ४४ वर आणायला लावला, बाकीच्या वेळेतला ४४ वरून ४२ वर. मुंबईवर विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत असल्याचं मंत्रालयाने तेव्हा म्हटलं होतं. विमान कंपन्या कुरकुरल्या, प्रवाशांनाही ते रुचलं नसेल. मला तो निर्णय अलीकडच्या काळातला सर्वांत शहाणा वाटतो, फक्त तोकडा वाटतो. ज्या विमानतळावर प्रत्येक मिनिट आधीच विकून टाकलेलं आहे, तिथे अचानक आलेल्या मेडेला द्यायचं मिनिट आणायचं कुठून? १ जुलै २०१९च्या रात्री पावसात जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन चिखलात रुतलं. कुणी दगावलं नाही. पण ती पट्टी मोकळी व्हायला चार दिवस लागले आणि देशभरच्या उड्डाणांचा विचका झाला. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झाला आहे. त्याच्यामुळे सांताक्रूझवर जी जागा मोकळी होईल, ती लगेच नव्या उड्डाणांनी भरू नये. तिच्यातला थोडा भाग राखीव ठेवावा, घरातल्या अडीअडचणीच्या पैशांसारखा.

काही वेळा मदत मागितली जाते, ऐकलीही जाते आणि तरी मिळत नाही. २१ मे २०२५ला दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडिगोचं विमान पठाणकोटजवळ गारपिटीच्या ढगासमोर आलं. महासंचालनालयाने नंतर दिलेल्या माहितीनुसार वैमानिकांनी डावीकडे, म्हणजे सीमेच्या दिशेने वळायची परवानगी मागितली. हवाई दलाच्या नियंत्रणाने ती दिली नाही. मग त्यांनी लाहोरशी संपर्क साधला, तिथेही नकार. मागे फिरायचा विचार झाला, पण ढग फार जवळ आला होता. ते आतून गेले. वेग आणि कोन दाखवणारी उपकरणं गडबडली, स्वयंचलित संरक्षणं सुटली, एका क्षणी विमान मिनिटाला ८५०० फूट या गतीने खाली येत होतं. वैमानिकांनी ते हाताने सावरलं, पॅन-पॅन दिला आणि फुटलेल्या नाकाचं विमान श्रीनगरला उतरवलं. दोनशेहून अधिक माणसं होती आत.

तेव्हा भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं होतं आणि ते कोणत्या दिवसांत, हे सगळ्यांना आठवतं. नकार देणाऱ्या नियंत्रकाच्या हातात आदेश होता, त्याला मी दोष देणार नाही. दोष त्या आदेशात या प्रसंगासाठी एक ओळही नसण्याला आहे. १९४४च्या शिकागो कराराच्या २५व्या कलमानुसार आपल्या हद्दीत संकटात सापडलेल्या विमानाला शक्य ती मदत करायची जबाबदारी प्रत्येक देशाने घेतलेली आहे. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्या कराराला बांधील आहेत. विमान हद्दीच्या आत आलं तर मदत आणि वादळ टाळायला दहा-वीस मैल आत यायचं म्हटलं तर दार बंद, हे त्या कलमाच्या अक्षराला कदाचित धरून असेल, त्याच्या हेतूला नाही. हे दोन देश बोलूच शकत नाहीत असंही नाही. कितीही तणाव असो, दर १ जानेवारीला ते आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. प्रवासी विमानाने मेडे किंवा पॅन-पॅन दिला तर ठरावीक पट्ट्यात, ठरावीक उंचीवर, वाट द्यायची, एवढा एक कागद त्यांच्यात होऊ शकतो. कुणाच्याही भूमिकेला त्याने धक्का लागणार नाही.

आणि जमिनीवर. सुखरूप उतरणं म्हणजे सुटका, असं आपण धरून चालतो. १९ ऑगस्ट १९८०ला रियाधला आग लागलेलं सौदियाचं ट्रायस्टार विमान परत फिरून व्यवस्थित उतरलं, धावपट्टी सोडून टॅक्सीवेवर जाऊन थांबलं. इंजिनं बंद झाल्यावर बाहेरच्या लोकांना पहिलं दार उघडायला २३ मिनिटं लागली. ३०१ जण होते, एकही वाचला नाही. दार बाहेरून कसं उघडायचं याचं शिक्षण बचाव पथकाला नव्हतं. उलट १९ जुलै १९८९ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचं डीसी-१० जवळजवळ कोणतंही नियंत्रण हातात नसताना आलं, धावपट्टीवर आपटून फुटलं, पेटलं, मक्याच्या शेतात विखुरलं. २९६ पैकी १८४ जण जगले. वैमानिकांचं कसब तर होतंच. पण त्या छोट्या शहराने दोन वर्षांपूर्वीच मोठं विमान कोसळल्याची रंगीत तालीम केली होती, रुग्णालयांच्या पाळ्या बदलत असल्याने दुप्पट माणसं हजर होती आणि नॅशनल गार्डचे २८५ जवान तळावर होते. काही योगायोग, पण तालीम हा योगायोग नव्हता.

मोठ्या विमानतळांनी दर दोन वर्षांनी अशी पूर्ण तालीम घ्यावी असा नियम आहे आणि ती होतेही. माझी तक्रार अशी, की ती कुंपणाच्या आतच होते. कोळिकोडला पावसात, करोनाच्या दिवसांत, कोंडोट्टीची माणसं आपल्या गाड्या घेऊन धावली, जखमींना उचलून रुग्णालयांत पोहोचवलं आणि नंतर विलगीकरणात गेली. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सांताक्रूझच्या भिंतीला लागून कुर्ला, कलिना, विलेपार्ले आहे. लोहगावला, चिकलठाण्याला, नागपूरच्या सोनेगावलाही वस्ती दाराशी आहे. छत्रपती संभाजीनगरने तर १९९३च्या एप्रिलमध्ये ते सोसलं आहे: उड्डाण घेणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं आणि ५५ जण गेले. उड्डाणाच्या वेळी तो रस्ता अडवण्याची चोख व्यवस्था नव्हती. कुंपणाबाहेरचा रस्ताही विमानतळाचाच भाग असतो, हे आपण तेव्हा शिकायला हवं होतं. तालमीत आसपासच्या वस्त्यांतले तरुण, रिक्षावाले, दवाखाने यांना घ्या, आणि तालमीचा अहवाल लोकांसमोर ठेवा. बंबाला किती मिनिटं लागली, रुग्णवाहिका कुठल्या फाटकाशी अडकली, हे आपल्याला कळू द्या.

हे सगळं जमू शकतं, म्हणून तर इतक्या तळमळीने लिहितो आहे. ६ मे २०२१ला करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना नागपूरहून एक छोटी हवाई रुग्णवाहिका उडाली. आत रुग्ण, डॉक्टर, सहायक आणि दोन वैमानिक असे पाच जण होते. उडताना तिचं एक चाक निखळून पडलं. धावपट्टीजवळ पहाऱ्यावर असलेल्या औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाने ते पाहिलं आणि वर्दी दिली. टॉवरने वैमानिकाला कळवलं. कॅप्टन केसरी सिंग यांनी विमान मुंबईकडे वळवलं, मुंबईने फुल इमर्जन्सी जाहीर करून धावपट्टी मोकळी केली आणि तिच्यावर फेस अंथरला. रात्री नऊच्या सुमारास विमान चाकांविना, पोटावर, त्या फेसात उतरलं. पाचही जण बाहेर आले आणि रुग्णाला रुग्णालयात नेलं गेलं.